एकाच खेळाच्या डब्याचे दहा भाव

आज बी-बियाणं नाही, पापडाचं पॅकिंग नाही, बँकेचा फॉर्मही नाही. आज बोलायचंय व्हिडिओ गेमच्या किमतीबद्दल. हसू नका. गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या फोनमध्ये हा विषय तीनदा निघाला, आणि तिन्ही वेळा मुद्दा पैशाचाच होता. एका गटात एका ताईंनी मुलाला प्लेस्टेशन घ्यायला पन्नास हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. दुसऱ्या गटात तालुक्याच्या गावी गेम झोन काढायचा म्हणून दोन यंत्रांसाठी मागणी आली. तिसऱ्या ताईंनी सरळच विचारलं, "मुलगा म्हणतो, अमेरिकेत हेच यंत्र कितीतरी स्वस्त आहे, इथला दुकानदार आपल्याला लुटतो. खरं का हो?"

त्या ताईंना आम्ही फोनवर एवढंच म्हणालो, की अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला थोडा हिशोब मांडावा लागतो. तो आज मांडू.

आधी हे यंत्र काय आहे ते बघू. टीव्हीला जोडायचा एक डबा, त्याला दोन हातांत धरायचा बटणांचा रिमोट. खेळ डिस्कवर येतो किंवा इंटरनेटवरून उतरवून घेतात. सोनी कंपनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स, निन्टेन्डोचं स्विच ही त्यातली मोठी नावं. ज्यांची मुलं आता तिशी-चाळिशीत आहेत त्यांना 'टीव्ही गेम' आठवत असेल. जत्रेत नाहीतर तालुक्याच्या बाजारात मिळायचा, त्यात कॅसेट घालायची आणि सुट्टीभर मारियो नाचायचा. ती बहुतेक नक्कल होती. मूळ यंत्र निन्टेन्डोचं, जपानमध्ये १९८३ साली १४,८०० येनला आलेलं. असली माल परवडत नसला किंवा पोचतच नसला की नकली मालाची बाजारपेठ उभी राहते. तेव्हा ती अर्ध्या जगात उभी राहिली होती.

आता अमेरिका आणि आपण. प्लेस्टेशन ४ अमेरिकेत २०१३ च्या नोव्हेंबरात ३९९ डॉलरला विकायला आलं. त्या वेळच्या दराने ते पंचवीस हजारांच्या आत बसतं. आपल्याकडे ते जानेवारी २०१४ मध्ये आलं, किंमत ३९,९९० रुपये. म्हणजे दीडपटीहून जास्त. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत नोव्हेंबर २०२० ला ४९९ डॉलरला आलं, आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला. डॉलर तेव्हा त्र्याहत्तर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे अमेरिकेतली किंमत साडेछत्तीस हजारांच्या घरात. फरक तेरा-साडेतेरा हजारांचा. हे आकडे बघितले की मुलगा म्हणतो ते पटतं.

पण इथे एक गोम आहे. आपण दुकानात जी किंमत वाचतो ती एमआरपी, सगळे कर धरून. पाकिटावर पन्नास लिहिलं असेल तर पन्नासच द्यायचे. अमेरिकेत तसं नाही. तिथे पाटीवर लिहिलेली किंमत करावेगळी असते, राज्याचा कर बिलात वर चढतो. बऱ्याच राज्यांत तो सात-आठ टक्क्यांच्या आसपास असतो, काही राज्यांत अजिबात नसतो. म्हणजे ४९९ ही तिथली पूर्ण किंमत नव्हेच. मोबाईलवर दोन आकडे शेजारी ठेवून भांडणाऱ्या पोरांना ही गोष्ट माहीत नसते. मोठ्यांनाही नसते म्हणा.

मग आपल्याकडे एवढा फरक का? ही यंत्रं इथे बनत नाहीत, मुख्यतः चीनमधून येतात. बंदरात उतरली की आयात शुल्क लागतं. २०१८ च्या अर्थसंकल्पात या यंत्रांवरचं शुल्क दहा टक्क्यांवरून वीस टक्के केलं गेलं. त्यावर जीएसटी. तो आधी अठ्ठावीस टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून अठरा झाला. मजा अशी की जीएसटी शुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. समजा माल दहा हजारांचा आहे. वीस टक्के शुल्क दोन हजार, झाले बारा हजार. आता अठरा टक्के लागणार ते बारा हजारांवर, म्हणजे २,१६०. झाले १४,१६०. अजून छोटे अधिभार आम्ही धरलेच नाहीत, आणि कंपनीच्या गोदामाचं भाडं, वाहतूक, दुकानदाराचा वाटा तर पुढेच आहे. दुकानदार लुटतो असं आपण म्हणतो, पण अशा मालात त्याच्या हाती राहणारा वाटा मोबाईलच्या कव्हरमध्ये राहतो त्याहून टक्क्याने कमीच असतो. त्याची कमाई जास्त करून जोडीला विकलेल्या रिमोटवर आणि खेळांवर.

कराचं सगळ्यात टोकाचं उदाहरण ब्राझीलचं. दक्षिण अमेरिकेतला हा मोठा देश बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मालावर फार जड कर लावत आला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत ३९९ डॉलरला मिळणारं प्लेस्टेशन ४ तिथे ३,९९९ रियालला जाहीर झालं. रियाल हे तिथलं चलन. त्या वेळच्या दराने ते अठराशे डॉलरच्या पुढे जातं, म्हणजे साडेचार पट. तिथल्या लोकांनी हिशोब करून दाखवला, की विमानाने अमेरिकेला जाऊन यंत्र विकत घेऊन परत यावं, तेसुद्धा यात बसतं. कंपनीला जाहीर खुलासा करावा लागला, की यातला मोठा वाटा करांचा आहे.

ब्राझीलचा हेतू वाईट नव्हता. बाहेरून आणू नका, इथे कारखाना काढा, रोजगार द्या, असं त्यांचं म्हणणं. काही प्रमाणात ते झालंही. ॲमेझॉनच्या जंगलातलं मनाउस हे शहर करसवलतीचा विभाग म्हणून वाढवलं गेलं. टेकटॉय नावाची तिथली कंपनी १९८९ पासून सेगा या जपानी कंपनीची यंत्रं देशातच बनवून विकायला लागली, आणि बाकी जगात ती यंत्रं बाद झाल्यावरही ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं खपत राहिली. सोनीनेही २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ तिथे जोडायला सुरुवात केली. पण नव्यात नवं यंत्र पहिल्या दिवशी तिथे बनत नाही, ते आयातच होतं, म्हणून ३,९९९. स्वदेशी कारखान्याचा फायदा आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला बसणारी झळ या दोन्ही गोष्टी एकाच धोरणातून येतात.

कर सोडला तर दुसरं कारण कंपनीचं स्वतःचं गणित. ही यंत्रं काही वेळा तोट्यात विकतात, हे ऐकून आम्हालाही पहिल्यांदा नवल वाटलं होतं. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ५९९ डॉलरला आलं, तेव्हा ते उघडून आतले भाग मोजणाऱ्या एका संस्थेने अंदाज काढला, की बनवायलाच आठशे चाळीस डॉलर लागत असावेत. मग कंपनी जगते कशी? मोबाईलचं सिमकार्ड फुकट वाटत होते ते आठवा. कमाई रिचार्जमध्ये. इथे रिचार्ज म्हणजे खेळ. विकल्या गेलेल्या प्रत्येक खेळातून यंत्रवाल्या कंपनीला वाटा मिळतो. ज्या देशात खेळ भरपूर खपतात तिथे यंत्र स्वस्त देणं तिला परवडतं. जिथे गिऱ्हाईक यंत्र घेऊन दोनच खेळांवर वर्ष काढतं, मित्राशी डिस्क बदलून घेतं, तिथे तोटा सोसायला ती तयार नसते. आपण कुठल्या गटात बसतो ते सांगायला नको.

पण खरा फरक आकड्यांच्या फरकाहूनही मोठा आहे. रुपये-डॉलर बाजूला ठेवा, घामात मोजा. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेली किमान मजुरी तासाला सव्वासात डॉलर आहे, २००९ पासून बदललेली नाही. त्या मजुरीवर काम करणाऱ्याला ४९९ डॉलर मिळवायला एकोणसत्तर तास लागतात, आठ तासांचे नऊ दिवस म्हणा. बरीच राज्यं त्याहून जास्त मजुरी देतात, तिथे आणखी कमी दिवस. आपल्याकडे २०२५-२६ साली रोजगार हमीवरची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ५४,९९० रुपयांच्या यंत्राला भागा. एकशे शहात्तर दिवस. केंद्राची हमीच तेव्हा घरटी वर्षाला शंभर दिवसांची होती. म्हणजे एक पैसा न खाता, न औषधाला घालता, पावणेदोन वर्षांची हमी त्या एका डब्यात जाते. गटात कर्जावर बोलताना पन्नास हजार हा शब्द सगळ्याजणी सहज उच्चारतात. एकशे शहात्तर दिवस म्हटलं की बैठक जरा वेळ गप्प होते.

आता काळाबद्दल. आपला सगळ्यांचा अनुभव असा, की टीव्ही असो, मोबाईल असो, थोडं थांबलं की स्वस्त होतो. खेळाच्या यंत्रांचंही पुष्कळ वर्षं तसंच होतं. पहिलं प्लेस्टेशन अमेरिकेत १९९५ ला २९९ डॉलरला आलं, पुढच्याच वर्षी १९९, त्याच्या पुढच्या वर्षी १४९. दुसरं प्लेस्टेशन २००० साली २९९ ला आलं आणि २००९ मध्ये ९९ ला मिळत होतं. एक-तृतीयांश. याचं कारण आतल्या चिपा. दर काही वर्षांनी त्याच कामाची चिप लहान करता यायची, एका चकतीतून जास्त चिपा निघायच्या, खर्च उतरायचा आणि कंपनी भाव पाडायची. म्हणून जाणते लोक सांगायचे, घाई करू नका, दोन वर्षं थांबा.

प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत हा सल्ला उलटला. आपल्याकडे ते ४९,९९० ला आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झालं. दोन वर्षं जुनं यंत्र, आणि पाच हजारांनी महाग. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युरोपातही किंमत ४९९ वरून ५४९ युरो झाली होती. अमेरिकेला तेव्हा वगळलं होतं, कारण तिथली स्पर्धा कंपनीला सगळ्यात महत्त्वाची. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये तिथेही पन्नास डॉलर वाढले. यामागे कारणं अनेक. चिपा लहान करणं आता स्वस्त राहिलेलं नाही, महागाई वाढली, डॉलरपुढे बाकीची चलनं घसरली, आणि अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मालावर नवे कर लावले.

त्या तिसऱ्या ताईंच्या मुलाचा हिशोब आता पुन्हा करू. अमेरिकेतले ५५० डॉलर, ऑगस्ट २०२५ च्या दराने अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास. त्यावर आठ टक्के राज्याचा कर धरला तर पावणेबावन्न हजारांच्या घरात. आपली एमआरपी तेव्हा ५४,९९०. फरक उरला तीन-साडेतीन हजार. मुलगा खोटं बोलत नाही, पण तो दहा वर्षांपूर्वीचा भाव मनात धरून बसला आहे. सणासुदीला आपल्याकडे काही हजारांची सूट निघते, तेव्हा हा फरक जवळजवळ संपतोच.

भाव वर गेले म्हणताना आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. १९७७ साली अटारी नावाचं यंत्र अमेरिकेत १९९ डॉलरला आलं. ऐकायला स्वस्त वाटतं. पण तेव्हाचे १९९ डॉलर म्हणजे आजचे हजारांहून जास्त. आपल्या सासूबाई सांगतात ना, आमच्या वेळी पाच रुपयांत बाजार यायचा. त्या वेळी पाच रुपये मिळवायला किती राबावं लागायचं, ते मात्र त्या सांगत नाहीत.

चलनाचा खेळ बघायचा असेल तर जपान बघा. यंत्र त्यांच्याच कंपनीचं. २०२० मध्ये ते कर धरून ५४,९७८ येनला मिळत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ७९,९८० येन झालं. येन इतका घसरला होता, की भाव न वाढवता ठेवला असता तर बाहेरच्या देशांतले व्यापारी जपानमध्ये पोत्याने माल उचलून घेऊन गेले असते. लासलगावला कांदा पडला की चार राज्यांचे ट्रक येऊन उभे राहतात, तसंच. पण ऐंशी हजार येन तिथल्या घरांना जड झाले. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये सोनीने तिथे वेगळं यंत्र काढलं, डिस्क नसलेलं, ५५,००० येनचं, फक्त जपानी भाषेत आणि जपानमधल्या खात्यावर चालणारं. निन्टेन्डोनेही त्याच वर्षी जूनमध्ये स्विच २ काढताना हेच केलं. जपानी भाषेचं ४९,९८० येनला, सगळ्या भाषांचं ६९,९८० ला. भाषेचं कुंपण घालून स्वस्ताई घरातच राखली.

खेळांच्या किमतीत हे कुंपण आणखी महत्त्वाचं. इंटरनेटवरून विकला जाणारा खेळ बंदरातून येत नाही, त्याला पोतं नाही, ट्रक नाही. म्हणून प्रत्येक देशाच्या खिशाप्रमाणे भाव ठेवता येतो. कॉम्प्युटरवरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानाने २०१५ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे रुपयांत भाव लावले, आधी डॉलरमध्ये मोजावं लागे. बरेच खेळ आपल्याला अमेरिकेपेक्षा स्वस्त पडायला लागले. असाच स्वस्त भाव अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातही होता. त्या दोन्ही देशांचं चलन कोसळत गेलं, तसे तिथले खेळ डॉलरच्या हिशोबात मातीमोल झाले. मग युरोप-अमेरिकेतले लोक आपण अर्जेंटिनात राहतो असं खोटंच दाखवून तिथून खरेदी करू लागले. रेशनचा तांदूळ बंगल्यावाल्याने उचलावा तसा प्रकार. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने या दोन्ही देशांत डॉलरमध्ये भाव लावले. फसवणारे निघून गेले, आणि तिथल्या पोरांना एका रात्रीत खेळ कित्येक पट महाग झाले. हक्काच्या सवलतीत बाहेरचे शिरले की ती कुणाची जाते, हे आपल्याला नव्याने शिकायला नको.

आता गटात हा अर्ज पुन्हा येईल तेव्हा काय विचाराल? यंत्राची किंमत विचारून थांबू नका. प्लेस्टेशन ५ चा नवा मोठा खेळ आपल्याकडे ४,९९९ रुपयांच्या आसपास जातो, जास्तीचा रिमोट सहा हजारांच्या आसपास. वर्षात चार खेळ आणि एक रिमोट म्हटलं की सव्वीस हजार. पंचावन्नचं कर्ज ऐंशीचं होतं. डिस्क नसलेलं यंत्र स्वस्त मिळतं म्हणून बरेचजण ते घेतात. पण डिस्कचा खेळ खेळून झाल्यावर विकता येतो, शेजारच्या पोराशी बदलता येतो. इंटरनेटवरून घेतलेला येत नाही. ज्या घरात पैसा मोजून येतो तिथे आमच्या मते डिस्कवालंच बरं. गेम झोनवाल्यांना तासाचा दर विचारा, परीक्षेच्या महिन्यांत आणि पेरणीच्या दिवसांत किती पोरं येतील ते विचारा, लोडशेडिंगला इन्व्हर्टर आहे का ते विचारा. वीज नाही तर हप्ता कसा?

आखातात माणूस असलेल्या घरांत ते यंत्र दुबईहून आणायचा विचार निघतोच. तिथे विक्रीवरचा कर पाच टक्केच आहे, त्यामुळे स्वस्त पडू शकतं. मात्र सामानात ठरावीक किमतीपर्यंतच माल शुल्काशिवाय आणता येतो. ती मर्यादा बदलत असते, म्हणून तिकीट काढण्याआधी चौकशी करावी. आणि गॅरंटी बहुधा ज्या देशात घेतलं त्याच देशात चालते. इथे बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च आपलाच. प्लेस्टेशनचं खातं उघडताना जो देश निवडाल तो पुढे बदलता येत नाही. खेळाला जोडून जादाचे भाग विकत घ्यायचे तर डिस्क आणि खातं एकाच विभागाचं लागतं. दुबईची डिस्क आणि भारताचं खातं असं झालं की खेळ चालतो, जादाचे भाग चालत नाहीत. म्हणून यंत्र कुठूनही आणा, पक्कं बिल घ्या, बिलावर यंत्राचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि कर्जाच्या फाईलला त्याची झेरॉक्स लावा.